रानातल्या एकेका मुक्कामावर थांबून वाचायचं कसं

मिसरच्या, म्हणजे इजिप्तच्या, गुलामीतून सुटून कनान देशात पोचेपर्यंतचा इस्राएल लोकांचा रानातला प्रवास आपल्यापैकी बहुतेकांना संडे स्कूलपासून तोंडपाठ असतो. तांबडा समुद्र दुभंगला, मान्ना पडला, सोन्याचं वासरू, पितळेचा सर्प, मग यार्देन. आणि पाठ असल्यामुळेच होतं काय की गोष्ट सुरू झाली रे झाली की आपण धड्यावर येऊन पोचतो, कुरकुर करू नये, देवावर भरवसा ठेवावा, संपलं. मी नगरला गुरुवारी दुपारी भरणाऱ्या बायकांच्या एका छोट्या संगतीत बरीच वर्षं वचन घेते, सुरवातीला मीही असंच घ्यायचे, आणि एकदा एक ताई मला म्हणाल्या की तुम्ही सांगता ते सगळं खरंय हो, पण उद्या सकाळी उठून मी यातलं नक्की करू काय. मला उत्तर देता आलं नाही. त्या दिवसानंतर मी वाचायची पद्धतच बदलली, तीच इथे लिहिते, एकट्याने वाचणाऱ्यालाही चालते आणि पाचसात जणांच्या ग्रुपलाही.

पद्धतीचं मूळ एवढंच की एका वेळी एकच मुक्काम घ्यायचा आणि तिथे लोकांना काय कमी पडलं होतं, ते कोण कोणाला काय बोललं आणि देवाने काय केलं, हे नीट कळेपर्यंत धडा लिहायचा नाही.

मुक्कामांची यादी आधी काढा

बायबलमधल्या गणना या पुस्तकाचा ३३वा अध्याय उघडा (निर्गम, अनुवाद, यहोशवा ही पुढे येणारी नावंही बायबलमधल्या पुस्तकांचीच). हा अध्याय आपण नेहमी टाळतो कारण त्यात नुसती नावं आहेत, इथून कूच केलं तिथे तळ दिला, तिथून कूच केलं अमक्या ठिकाणी तळ दिला. पण दुसरं वचन बघा, लोकांना नेणाऱ्या मोशेने ही यादी परमेश्वराच्या सांगण्यावरून लिहून ठेवली असं तिथे म्हटलंय. म्हणजे आपल्याला कंटाळवाणी वाटणारी ही यादी देवाला लिहून हवी होती. रामसेसपासून मवाबाच्या मैदानापर्यंत एकूण ४२ मुक्काम मोजायची जुनी पद्धत आहे. एक दोनशे पानी वही घ्या, प्रत्येक मुक्कामाला एक पान द्या, वर नाव लिहा. दफका, आलूश, रिम्मोन-पेरेस अशा कितीतरी ठिकाणी काय घडलं याबद्दल एक अक्षर सापडणार नाही, तरी पान सोडा, का सोडायचं ते पुढे सांगते.

ग्रुपमध्ये घेणार असाल तर ४२ घेऊ नका. आम्ही आठ घेतो: मारा, एलीम, सीन रान, रफीदीम, सीनाय, किब्रोथ-हत्तव्वा, कादेश आणि शेवटी मवाबाचं मैदान. आठ आठवडे होतात. कादेशला मात्र दोन गुरुवार लागतातच असा आमचा अनुभव, तेव्हा नऊ धरा.

पहिल्या पानाआधी एक कोरं पान ठेवा आणि त्यावर निर्गम १३:१७ काढून लिहा. मिसरातून कनानला जायचा जवळचा रस्ता पलिष्ट्यांच्या देशातून होता आणि देवाने मुद्दाम त्या रस्त्याने नेलं नाही, कारण लढाई बघून हे लोक माघारी फिरतील हे त्याला माहीत होतं. माझ्या मते अख्खा प्रवास समजून घ्यायची किल्ली हीच आहे, की लांबचा रस्ता मिळाला तो शिक्षा म्हणून मिळाला नाही, अजून कोणी काही चुकलंच नव्हतं, त्यांची ताकद किती आहे हे बघून तो निवडलेला होता. ज्या कोणाचं लग्न, मूल, नोकरी, काहीतरी लांबलंय त्यांना हे वचन मी नेहमी आधी वाचायला देते आणि त्यावर काही बोलत नाही.

एका मुक्कामावर बसायचं कसं

उतारा एकदा मोठ्याने वाचा. मग पुन्हा वाचा, पण या वेळी पेन घेऊन. पानाचे तीन भाग करा. पहिल्यात लिहा काय संपलं होतं किंवा काय नव्हतं. दुसऱ्यात कोण कोणाला काय म्हणालं. तिसऱ्यात देवाने काय केलं, फक्त क्रियापद, दाखवलं, दिलं, थांबवलं, मारलं, ऐकलं. धड्यासाठी खाली चार ओळी मोकळ्या ठेवा आणि त्या त्याच दिवशी भरायची घाई करू नका, दोन दिवस गेले की आपोआप भरतात.

माराचं उदाहरण घ्या, निर्गम १५:२२ पासून. समुद्रापलीकडे गाणं गाऊन, मिर्यामने डफ वाजवून झाला आणि लोक शूरच्या रानात तीन दिवस चालले, पाणी नाही. आता इथे थांबा. तीन दिवस म्हणजे बायका, लेकरं, म्हातारी माणसं, शेळ्यामेंढ्या, सगळे. ज्यांनी मराठवाड्यात, नाहीतर आमच्याकडे पाथर्डी-जामखेडला उन्हाळ्यात टँकरची वाट बघितलीय त्यांना वेगळं सांगायला नको. आणि तीन दिवसांनी पाणी दिसतं, तोंडाला लावतात, कडू. कुरकुर झाली. मोशेने देवाचा धावा केला. देवाने त्याला एक झाड दाखवलं, त्याने ते पाण्यात टाकलं, पाणी गोड झालं. तिसऱ्या भागात लिहा: दाखवलं. त्याने नवीन पाणी आणलं नाही, तेच पाणी पिण्याजोगं केलं, आणि झाड तर तिथेच उभं होतं, ते फक्त दिसायचं राहिलं होतं. आमच्या संगतीत एकजण यावर म्हणाली, मग मी आता नवरा बदलून दे अशी प्रार्थना सोडते आणि घरात उभं असलेलं झाड दाखव अशी करते. तिच्या घरात ते झाड म्हणजे तिची सासू निघाली, जिच्याशी ती सात वर्षं नीट बोललेली नव्हती.

पुढचा मुक्काम एलीम, तिथे पाण्याचे १२ झरे आणि खजुराची ७० झाडं. एकच वचन आहे. कोणी काही बोललं नाही, कुरकुर नाही, चमत्कारही नाही. या पानावर मी एवढंच लिहायला सांगते की तुमच्या आयुष्यातले एलीम कुठले, आठवून बघा, कारण चांगल्या मुक्कामांची आठवण आपल्याकडे फार थोडी राहते.

मान्ना वाचायचा तर हाताने वाचा

सीन रानातला मान्ना, निर्गम १६. यावर मी सगळ्यात जास्त वेळ घेते. मिसर सोडून एक महिना झालेला, बरोबर आणलेलं कणकेचं सामान संपलेलं. सकाळी दव सुकलं की जमिनीवर बारीक बारीक काहीतरी, धण्यासारखं, पांढरं, चवीला मध घातलेल्या पोळीसारखं. लोक एकमेकांना विचारतात हे काय आहे, हिब्रूत "मान हू", त्यावरूनच नाव पडलं. प्रत्येकी एक ओमर गोळा करायचं. ओमर म्हणजे एफाचा दहावा भाग, आजच्या मापाने साधारण दोन लिटर.

आता हे करून बघा. पाव किलो धणे घ्या, गडद रंगाची चादर अंगणात किंवा गच्चीवर पसरा, त्यावर धणे विखरून टाका आणि सकाळी सकाळी घरातल्या सगळ्यांना, मुलांना तर नक्कीच, बोटांनी वेचायला बसवा. पाच मिनिटं झाली की गुडघे दुखायला लागतात, दहा मिनिटांनी वाटीच्या बुडाला जेमतेम थर होतो. मग शेजारी कोल्ड्रिंकची दोन लिटरची रिकामी बाटली ठेवा आणि सांगा, एका माणसाला रोज एवढं लागायचं, घरात पाच माणसं असतील तर अशा पाच, आणि ऊन तापायच्या आत, कारण ऊन तापलं की ते वितळायचं. खऱ्या रानात जमिनीवर पडलेलं यापेक्षा कितीतरी भरपूर असणार, तरी वेचायला वाकणं काही चुकलं नसणार. आमच्या शेजारचा दहा वर्षांचा मुलगा वेचता वेचता म्हणाला, म्हणजे देवाने दिलं तरी काम होतंच की. मला वाटतं त्याने अख्खा धडा सांगितला. गणना ११:८ मध्ये तर पुढचं कामही दिलंय, लोक ते जात्यावर दळायचे किंवा उखळात कुटायचे, भांड्यात शिजवायचे, पोळ्या करायचे. स्वर्गातून आलेली भाकर दळावी आणि भाजावी लागत होती, आणि ते काम रोज पहाटे कुठल्या ना कुठल्या बाईच्या अंगावर पडत होतं, हे आपल्या प्रवचनांत फारसं येत नाही.

या अध्यायातून तीन वेगळे धागे निघतात, एका बैठकीत तिन्ही घेऊ नका.

पहिला, उद्यासाठी ठेवलेल्याला किडे पडले. घरात पैसा कमी असला की आपलं डोकं पुढच्या तीन महिन्यांत फिरत असतं. माझ्या मिस्टरांची नोकरी ज्या कारखान्यात होती तो अचानक बंद झाला, चौदा महिने घरात पगार नव्हता, तेव्हा मी रोज सकाळी वहीत फक्त त्या दिवसाला काय लागणार ते लिहायचे, दूध, रिक्षा, गोळ्या, आणि रात्री काय मिळालं ते. म्हणून बचत करू नये असं कोणी समजू नका, योसेफाने त्याच मिसर देशात सात वर्षांचं धान्य साठवलेलं आहेच. पण ज्या दिवसांत साठवायला काही नसतंच त्या दिवसांसाठी हा अध्याय आहे.

दुसरा, वचन १८, ज्याने जास्त गोळा केलं त्याचं उरलं नाही आणि ज्याने कमी केलं त्याला कमी पडलं नाही. पौल हेच वचन करिंथच्या मंडळीला लिहिताना वापरतो, दुसऱ्या पत्राच्या आठव्या अध्यायात, आणि कशासाठी, तर यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी पैसे गोळा करताना. म्हणजे पौलाने मान्नाचा अर्थ वाटून घेणं असा लावला. तुमच्या ग्रुपने या आठवड्यात कोणाच्या घरी किराणा पोचवायचा हे ठरवल्याशिवाय हा धागा संपवू नका.

तिसरा, सहाव्या दिवशी दुप्पट आणि सातव्या दिवशी काही नाही. गंमत बघा, दहा आज्ञा सीनायवर मिळायच्या आधीच इथे शब्बाथ, म्हणजे सातव्या दिवसाचा विसावा, शिकवला गेला, तोही भाकरीतून. आणि हा इतिहास ज्यांच्या वाडवडिलांचा आहे ती माणसं आपल्याच कोकणात शेकडो वर्षं राहिली, अलिबाग-पेणच्या बाजूला बेने इस्राएल लोक घाण्यावर तेल काढायचे, मराठी बोलायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनिवार तेली म्हणायचे. बाकी कितीतरी गोष्टी काळाच्या ओघात त्यांच्याकडून सुटल्या पण सातव्या दिवशी घाणा थांबायचा. एक दिवसाचं उत्पन्न सोडणं म्हणजे काय असतं ते हातावर पोट असणाऱ्यालाच विचारा. या धाग्याला जोडून मी सगळ्यांना एक प्रश्न घरी न्यायला देते: तुमचा घाणा कुठला, आणि तो आठवड्यात एकदा तरी थांबतो का.

ग्रुपमध्ये कोणीतरी विचारतंच की मान्ना म्हणजे सिनायमधल्या झाडाचा डिंक होता म्हणे. सिनायमध्ये टॅमरिस्क नावाच्या झुडपावर किडे गोड थेंब सोडतात, तिथले भटके बेदुइन लोक तो पदार्थ गोळा करतात आणि त्याला आजही मन्न म्हणतात, हे खरं आहे. पण तो उन्हाळ्याच्या सुरवातीला काही आठवडेच मिळतो आणि थोडाच मिळतो. सांगून टाका आणि पुढे चला, यावर तासभर वाद घालू नका.

एकाच तक्रारीचे दोन निकाल

आता जरा खोल जाऊ. निर्गम आणि गणना शेजारी शेजारी ठेवून वाचा, दोन बायबल घेतली तर सोपं जातं. निर्गम १६ मध्ये लावे पक्षी येतात, गणना ११ मध्येही येतात. निर्गम १७ मध्ये खडकातून पाणी, गणना २० मध्येही. पण सीनायच्या आधी, मारा, सीन रान, रफीदीम, या तिन्ही ठिकाणी लोक कुरकुरले आणि देवाने एकालाही मारलं नाही, पाणी मागितलं पाणी दिलं, भूक म्हणाले भाकर दिली. सीनायनंतर मात्र आग, मरी, साप. असं का?

माझं मत सांगते. सीनायच्या आधी ते नुकतेच सुटलेले गुलाम होते आणि तहान खरी होती. खऱ्या तहानेला देव कधी रागावलेला दिसत नाही. किब्रोथ-हत्तव्वाला तहान नव्हती, मान्ना रोज पडत होता, त्यांना मिसरातले मासे, काकड्या, खरबुजं, कांदे, लसूण आठवत होते आणि म्हणत होते की ते तिथे फुकट मिळायचं. फुकट! ४३० वर्षांचा मुक्काम, विटांचं काम, मुलगे नदीत फेकले गेले, आणि आठवण राहिली कांद्याची. म्हणून या पानावर एक खास काम द्या: तुमच्या जुन्या दिवसांतली एक गोष्ट लिहा जी आठवून तुम्हाला आज हळहळ वाटते, आणि तिच्या शेजारी त्या दिवसांत तुम्ही रात्री कशासाठी रडत होता ते लिहा.

याच अध्यायात आणखी एक गोष्ट आहे आणि माझ्या मते अख्ख्या प्रवासातली ती सर्वात उपयोगाची. कुरकुर फक्त लोक करत नाहीत, मोशेही करतो. गणना ११:११ पासून वाचा, तो देवाला म्हणतो, तू मला असं का वागवलंस, या सगळ्यांना मी पोटात वाढवलं का, मी यांना जन्म दिला का, की दाईने तान्ह्या पोराला उराशी धरावं तसं मी यांना न्यावं, मला एकट्याला हे झेपत नाही, असंच करणार असशील तर मला मारूनच टाक. इतकं कडक बोलणं लोकांनीही केलेलं नाही. आणि देव काय करतो? ७० वडील निवडायला सांगतो, म्हणजे ओझं वाटून देतो. शिक्षा नाही, रागावणं नाही.

फरक कुठे आहे? अनुवाद १:२७ बघा, लोक आपापल्या तंबूत बसून कुरकुरले की परमेश्वर आपला द्वेष करतो. लोक देवाबद्दल बोलत होते, तंबूत, एकमेकांशी. मोशे देवाशी बोलत होता. शब्द जवळजवळ तेच, तोंड कुठे वळलंय एवढाच फरक. मी बायकांना सांगते की जे तुम्ही बहिणीला फोनवर सांगितलं ते सगळं, शिव्याशापांसकट, एकदा दार लावून देवाला मोठ्याने सांगा. पहिल्यांदा फार अवघड जातं, आपल्याला प्रार्थनेची ठरलेली भाषा लागते ना, हे दयाळू पित्या वगैरे. पण करून बघा. आणि नंतर मोशेसारखं एक करा, ज्यांच्यावर ओझं वाटता येईल अशा माणसांची नावं लिहा, सत्तर नको, दोन चालतील.

अकरा दिवसांचं गणित नीट करा

तुम्ही हे ऐकलंच असेल की ११ दिवसांचा प्रवास होता आणि कुरकुरीमुळे ४० वर्षं लागली. अनुवाद १:२ मध्ये होरेबापासून, म्हणजे सीनायपासून, कादेश-बर्ण्यापर्यंत सेईर डोंगराच्या वाटेने ११ दिवस लागतात असं आहे आणि लगेच पुढच्या वचनात चाळिसावं वर्ष येतं, त्यामुळे तसं वाटतं. पण वहीत तारखा मांडून बघा. तिसऱ्या महिन्यात ते सीनायला पोचले, दुसऱ्या वर्षाच्या दुसऱ्या महिन्याच्या २० तारखेला तिथून निघाले, म्हणजे जवळपास ११ महिने देवानेच त्यांना एका जागी ठेवलं, नियम, निवासमंडप म्हणजे उपासनेचा तंबू, मोजदाद, सगळं तिथे झालं. मग ते कादेशला पोचलेसुद्धा. दार समोर होतं. १२ हेर ४० दिवस देश बघून आले, एश्कोलच्या ओढ्यातून द्राक्षांचा एक घोस दोघांनी काठीवर घालून आणला, आणि दहा जण म्हणाले तिथे राक्षसासारखी माणसं आहेत, आम्ही आमच्याच नजरेत टोळांसारखे दिसलो. रात्रभर रडारड आणि परत मिसरला चला. तिथून पुढे अनुवाद २:१४ प्रमाणे ३८ वर्षं.

म्हणजे चाळीस वर्षं रस्त्याला लागली नाहीत, दारातून माघारी फिरल्यामुळे लागली. हा फरक छोटा नाहीये. जो माणूस अजून सीनायवर आहे, शिकतोय, थांबवलेला आहे, त्याला तू कुरकुर करतोस म्हणून अडकलास असं सांगणं चूक आहे, आणि जो कादेशला उभा राहून भितोय त्याला थांब, देवाची वेळ येईल असं सांगणंही चूकच. स्वतःला विचारा मी या दोन्हींपैकी कुठे आहे. दोन गुरुवार लागतात ते यामुळेच.

आणि कादेशच्या पानावर कालेबाला विसरू नका, प्लीज. बारा हेरांपैकी तो आणि यहोशवा होय म्हणाले होते. त्याने विश्वास ठेवला, लोक त्याला आणि यहोशवाला दगडमार करायला निघाले, आणि तरी इतरांची शिक्षा त्यालाही चालावी लागली, ३८ वर्षं, ज्यांच्या भीतीमुळे हे झालं त्यांच्याच तंबूंशेजारी. यहोशवा १४ मध्ये तो स्वतः सांगतो, मी ४० वर्षांचा होतो तेव्हा हेर म्हणून गेलो, आज ८५ वर्षांचा आहे, तो डोंगर मला द्या, जिथे अनाकी, म्हणजे तीच राक्षसासारखी माणसं, राहतात तोच. आपल्याकडे किती जण दुसऱ्याच्या निर्णयाची वर्षं भोगतायत, नवऱ्याचं व्यसन, भावाने घेतलेलं कर्ज, वडिलांनी विकलेली जमीन. त्यांना पश्चात्ताप करा हा धडा लागू होत नाही. त्यांना कालेब लागतो. त्या ३८ वर्षांत तो काय करत होता याबद्दल जवळजवळ काही लिहिलेलं नाही, एवढंच माहीत आहे की सकाळी मान्ना वेचत असणार, इतरांसारखाच.

तुम्ही सोडलेली कोरी पानं बहुतेक त्या वर्षांची आहेत. रिम्मोन-पेरेस, लिब्ना, रिस्सा. ४० वर्षं, आठवड्यातून सहा दिवस, हिशोब केला तर बारा हजारांच्या वर सकाळी मान्ना पडला आणि त्यातल्या बहुतेक सकाळींबद्दल बायबल गप्प आहे. अनुवाद ८:४ फक्त म्हणतं की तुमचे कपडे जीर्ण झाले नाहीत आणि पाय सुजले नाहीत. कोऱ्या पानांवर हेच लिहायचं, माझे कुठले पाय सुजले नाहीत. मुलाची शाळा सुटली नाही, भाडं थकलं नाही, मन आटलं नाही, असलं काहीतरी, जे सांगायला साक्षीच्या वेळी कोणी उभं राहत नाही.

काही गोष्टी टाळा

कनानला फ्लॅट, प्रमोशन किंवा व्हिसा समजून वाचू नका. इब्री लोकांस पत्राच्या चौथ्या अध्यायात तर सांगितलंय की यहोशवाने त्यांना खरा विसावा दिला असता तर देव पुढे दुसऱ्या दिवसाबद्दल बोलला नसता.

हे लोक किती मूर्ख होते अशा सुरात वाचू नका. पौल १ करिंथकरांस १० मध्ये म्हणतो की या गोष्टी आपल्याला इशारा म्हणून लिहिल्या, जो उभा आहे असं समजतो त्याने पडू नये म्हणून जपावं. इशारा स्वतःला असतो. आमच्या घरी पगार नव्हता त्या काळात एका ओळखीच्या माणसाने घरी येऊन, चहा पिऊन, सांगितलं की तुमच्या घरात काहीतरी आखानसारखं (त्याने लुटीतला मना केलेला माल तंबूत पुरला होता) लपवलेलं असणार, शोधा. मी त्या रात्री खरंच कपाटं रिकामी केली होती. कृपा करून रानातून जाणाऱ्या कोणाला असं सांगू नका.

मोशेविरुद्ध उठलेल्या कोरहाला जमिनीने गिळलं, शब्बाथ दिवशी लाकडं वेचणाऱ्याला दगडमार झाला, हे उतारे वगळू नका आणि त्यांच्यावरून पटकन मलमही लावू नका. पानावर प्रश्नचिन्ह काढून ठेवा. माझ्या वहीत अशी सहा प्रश्नचिन्हं आहेत, काही दहा वर्षांची जुनी.

पितळेच्या सर्पाचं पान करताना गणना २१, योहान ३:१४ आणि २ राजे १८:४ ही तिन्ही एकत्र वाचा. साप चावलेले लोक ज्याच्याकडे बघून वाचले आणि येशूने ज्याची उपमा स्वतःला दिली, तोच सर्प रानातल्या त्या दिवसांनंतर शेकडो वर्षांनी हिज्कीया राजाने फोडून टाकला, कारण लोक त्याच्यापुढे धूप जाळायला लागले होते. एकेकाळी ज्यातून बरं वाटलं त्यालाच धरून बसायची सवय आपल्या मंडळ्यांमध्येही आहे, एखादी ठरावीक सभा, ठरावीक पाळक, ठरावीक गाणं. बोलायला घ्या, पण नावं न घेता.

शेवटच्या गुरुवारी

मवाबाच्या मैदानावर अनुवाद ८ आणि ३४ वाचा, मोशे १२० वर्षांचा, नबो डोंगरावरून देश बघतो आणि तिथेच मरतो. त्यावर कोणी काही बोललं नाही तरी चालेल, आमच्याकडे बहुतेक वेळा शांतच असतं. मग यहोशवा ५:१२ वाचा. लोकांनी त्या देशातलं धान्य खाल्लं आणि दुसऱ्या दिवसापासून मान्ना बंद झाला. चाळीस वर्षांनी एका सकाळी बाहेर येऊन बघितलं तर जमीन रिकामी. ज्यांचा जन्मच रानात झाला होता त्यांना ती पहिलीच अशी सकाळ असणार, आणि देव सोडून गेला असं काहींना वाटलंही असेल, वास्तविक शेत समोर पिकलेलं होतं. देवाने मदतीची पद्धत बदलली की आपणही असेच घाबरतो का, हा प्रश्न विचारा आणि मग बरणी काढा.

बरणीचं सांगायचं राहिलं. निर्गम १६:३३ मध्ये एक ओमर मान्ना भांड्यात घालून पुढच्या पिढ्यांसाठी ठेवायला सांगितलंय. म्हणून पहिल्या आठवड्यापासून एक काचेची बरणी ठेवा, लोणच्याची धुतलेली चालते, आणि प्रत्येकीने दर आठवड्याला एक चिठ्ठी टाकायची, नाव न लिहिता, त्या आठवड्यात जे मिळालं ते. शेवटच्या दिवशी एकीने सगळ्या चिठ्ठ्या वाचायच्या, मध्ये कोणी बोलायचं नाही, गाणं नाही, आमेनही नाही, नुसत्या वाचायच्या. मागच्या वेळी पंचेचाळीस मिनिटं लागली. एका चिठ्ठीवर पेन्सिलने, थरथरत्या अक्षरात लिहिलं होतं: मंगळवारी नळाला पाणी नाही आलं. शेजारणीने न सांगता दोन हंडे दारात आणून ठेवले. तिच्या घरीही नव्हतं आलं.